त्याच हॉलमध्ये आपलं अधिवेशन, त्याच हॉलमध्ये अ‍ॅनिमे कॉन

ओसरी

२०२४ च्या जूनअखेरीस सॅन होजेच्या मॅकेनरी कन्व्हेन्शन सेंटरमध्ये अमेरिकेतल्या मराठी माणसांच्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन भरलं. मी नोंदणीच्या टेबलावर स्वयंसेवक होते. पहिल्या सकाळी गळ्यात बॅज अडकवून उभी राहिले आणि एकदम आठवलं, जेमतेम महिन्यापूर्वी मेमोरियल डेच्या सुट्टीत मी याच इमारतीत लेकीला सोडायला आले होते. तेव्हा इथे फॅनिमेकॉन होतं, म्हणजे अ‍ॅनिमेच्या, जपानी कार्टूनच्या, चाहत्यांचं संमेलन. आता जिथे ढोल-ताशाचं पथक जमत होतं, तिथे तेव्हा निळ्या केसांची, पाठीला पंख लावलेली मुलं जमिनीवर गोल करून बसली होती. बाकी सगळं तेच. तशीच रांग, तसेच स्वयंसेवकांचे टीशर्ट, आणि "अमुक कार्यक्रम कुठल्या खोलीत हो?" विचारणारी तशीच गर्दी.

लेक सोळा वर्षांची आहे. तिला अ‍ॅनिमेचं वेड आठवीपासून. मी ते इतकी वर्षं 'जपानी वेड' म्हणूनच धरून चालले होते. त्या सकाळी वाटलं, चित्रं जपानी खरी, पण हा मेळावा पुरता अमेरिकी आहे. आपलं अधिवेशन जितकं अमेरिकी, तितकाच.

मग वाचत गेले. कॉन नावाचा प्रकार अ‍ॅनिमेच्या कितीतरी आधीचा निघाला. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. त्याला फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यातल्या माणसाचा पोशाख घालून गेला होता. तो पोशाख शिवला होता मर्टल डग्लस हिने, आणि ती स्वतःही तसाच वेश करून आली होती. पुढे या संमेलनांमध्ये वेशभूषेचा कार्यक्रम, म्हणजे मास्करेड, कायमचा झाला. पाहुणे, चर्चेची पॅनल्स, विक्रीचं दालन, रात्रभर चालणारे चित्रपट हा सगळा साचा विज्ञानकथावाल्यांनी घडवला. १९७७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जपानी कार्टून बघणाऱ्यांचा पहिला क्लब निघाला तोही त्यांच्यातूनच. १९९० मध्ये डॅलसला ए-कॉन, १९९१ मध्ये इथे सॅन होजेत अ‍ॅनिमेकॉन, आणि १९९२ मध्ये पुन्हा सॅन होजेतच पहिला अ‍ॅनिमे एक्स्पो. आज लॉस एंजेलिसमध्ये लाखाच्या वर माणसं ज्याला जातात, त्या एक्स्पोची सुरुवात आमच्या गावातल्या एका हॉटेलात झाली, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं.

हे सगळं मेमोरियल डे, चार जुलै, लेबर डे अशा लांब सुट्ट्यांनाच का, याचंही उत्तर मिळालं. अमेरिकेतली मोठी हॉटेलं कामानिमित्त फिरणाऱ्यांवर चालतात आणि लांब सुट्टीला ती माणसं आपापल्या घरी असतात. खोल्या रिकाम्या पडतात, दर उतरतात, हॉल मिळतो. मग विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडतं. आपलं अधिवेशनही बहुतेक वेळा चार जुलैच्या आसपासच असतं.

या देशात माणसं अशीच जमतात. श्राइनर्स या बंधुसंस्थेचे मेळावे, गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या वार्षिक सभा, यादवी युद्धातल्या लढाया गणवेश घालून पुन्हा उभ्या करणारे हौशी लोक. तोकव्हिल हा फ्रेंच माणूस १८३१ मध्ये अमेरिका हिंडून गेला. इथले लोक प्रत्येक लहानसहान कामासाठी संस्था काढतात याचं त्याला फार नवल वाटलं होतं. आपणही इथे आलो आणि १९८१ मध्ये शिकागोत बृहन्महाराष्ट्र मंडळ काढलं. माझी लेक सुट्टीत जिथे जाते, ते याच झाडाचं फळ आहे.

तुमची मुलं जातात का? तुम्ही स्वतः गेला आहात का? जुन्या लोकांच्या आठवणी वाचायला फार आवडतील.

सह्यकडा

वाचतोय. पुण्यात कार्टून नेटवर्कवर ड्रॅगन बॉल झी बघत वाढलेली आमची पिढी. आम्हाला ती अमेरिकेतूनच आलेली वाटायची, कारण पात्रं अमेरिकी इंग्रजी बोलायची. ती जपानी आहे हे कॉलेजात गेल्यावर कळलं. एक विचारायचं होतं, तिथल्या साध्या माणसाला, म्हणजे शेजारच्या आजोबांना, हे सगळं काय वाटतं?

उत्तरायण

ओसरीताई, धागा आवडला. मी १९८६ च्या ऑगस्टमध्ये पेनसिल्व्हेनियात शिकायला आलो, त्यामुळे थोडं जुनं सांगतो. सह्यकडा यांच्या आजोबांचंही उत्तर त्यातच येईल.

तेव्हा जपानबद्दलचं वातावरण फार कडू होतं. गाड्यांचे कारखाने बंद पडत होते आणि सगळा राग जपानवर निघत होता. जुलै १९८७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या काही सदस्यांनी कॅपिटॉलसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ हातोड्यांनी फोडला. तोशिबाच्या एका उपकंपनीने रशियाला पाणबुड्यांच्या पंख्यांसाठी लागणारी यंत्रं विकली होती, त्याचा तो संताप. मी ते टीव्हीवर पाहिलं. आणि त्याच आठवड्यात वसतिगृहातल्या एका मित्राच्या खोलीत आम्ही आठजण दाटीवाटीने बसून जपानी कॅसेट बघत होतो. एकालाही जपानी येत नव्हतं. कुणीतरी कथा टाइप करून आणलेली पानं हातोहात फिरायची.

पुढे फॅनसब आले, म्हणजे चाहत्यांनीच इंग्रजी अक्षरं चढवलेल्या प्रती. जपानहून लेझरडिस्क मागवायची, अमिगा कॉम्प्युटरला जेनलॉक नावाचं उपकरण जोडून चित्रावर अक्षरं चढवायची आणि व्हीएचएसवर उतरवायचं. वाटणाऱ्याकडे आपण कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, तो भरून परत पाठवायचा. विकायचं नाही असा दंडक. चित्रावरच तसं लिहिलेलं असायचं. अमेरिकेत कुणी रीतसर हक्क घेतले की वाटणं थांबवायचं, हाही दंडक. सगळ्यांनी पाळला असं नाही म्हणणार, पण आमच्या क्लबने पाळला. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत, असं करत आमच्यापर्यंत चित्र यायचं तेव्हा रंग उडालेले असायचे. तरी डोळ्यांत तेल घालून बघायचो.

१९९४ मध्ये स्टेट कॉलेज या गावात ओटाकॉन नावाचं अ‍ॅनिमे संमेलन पहिल्यांदा झालं. १९९९ पासून ते बाल्टिमोरला गेलं आणि तिथे मी बारा वर्षं स्वयंसेवक होतो. ओटाकॉन चालवणारी संस्था ना-नफा आहे आणि काम करणारे सगळे बिनपगारी. वर्षभर नोकरी करून रात्री बैठका, खोल्यांचे तक्ते, जपानहून येणाऱ्या पाहुण्यांच्या व्हिसाची पत्रं. बाल्टिमोरचं सेंटर कॅमडेन यार्ड्स या बेसबॉलच्या मैदानाला खेटून आहे. प्रॅट स्ट्रीटवर नारिंगी टोप्या घातलेले ओरिओल्सचे चाहते एका बाजूने आणि आमची तलवारवाली पोरं दुसऱ्या बाजूने. पहिली दोन वर्षं लोक थांबून बघायचे. मग बेसबॉलला आलेले आजोबाच नातवाला कडेवर घेऊन फोटो काढायला यायला लागले.

२०१७ मध्ये ओटाकॉन वॉशिंग्टनला आलं. जिथे तो रेडिओ फोडला होता तिथून दोन मैलांच्या आत. मी त्या दिवशी सेंटरच्या पायऱ्यांवर बराच वेळ उभा होतो.

पाटीपेन्सिल

उत्तरायणकाका, शेवटचा परिच्छेद वाचून अंगावर काटा आला.

माझा जन्म न्यू जर्सीतला. मराठी घरात आणि रविवारच्या शाळेत शिकले, चुकलं तर सांभाळून घ्या. १९९८ मध्ये इथे पोकेमॉन सुरू झालं तेव्हा मी दुसरीत होते. त्यात एक प्रसंग आहे. ब्रॉक हातात ओनिगिरी घेऊन उभा असतो. भाताचा त्रिकोणी गोळा, त्याला समुद्री शेवाळाची काळी पट्टी. डबिंगमध्ये तो त्याला जेली डोनट म्हणतो. अमेरिकी मुलांना भात परका वाटेल म्हणून.

मी त्याच वर्षी शाळेत थालीपीठाला पॅनकेक सांगत होते. आई डब्यात देईल त्याचं काहीतरी इंग्रजी नाव रोज शोधायचे. त्यामुळे तो डोनट बघून मला लगेच कळलं की हे खरं नाही. त्यानेही डब्यातलं लपवलं, असं वाटलं. सेलर मूनमध्ये तर उसागीची सेरेना झाली होती आणि एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघी चक्क एकमेकींच्या कझिन करून टाकल्या होत्या.

दहा वर्षांनी कॉलेजात फॅनसब बघताना उलटंच दिसलं. पडद्याच्या वर अनुवादकाच्या टिपा असायच्या: 'सेन्पाई' म्हणजे काय, 'सान' कधी लावतात, या सणाला हे का खातात. गोरी, काळी, मेक्सिकन मुलं त्या टिपा थांबवून थांबवून वाचायची आणि इंग्रजी करून टाकलेला शब्द दिसला तर चिडायची. मी त्यांच्यासोबत बसायचे. आपल्यात सख्खं नातं नसतानाही 'ताई', 'दादा' का म्हणतो, हे मी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. तिला एका मिनिटात कळलं. ती म्हणाली, अगं, 'सेन्पाई'सारखं.

आणखी एक. अ‍ॅनिमे म्हणजे गोऱ्या मुलांचा छंद असं भारतात अनेकांना वाटतं. आमच्या शाळेत टूनामी हा अ‍ॅनिमे दाखवणारा कार्यक्रम सगळ्यात नेमाने बघणारी काळी मुलं होती. १९९७ पासून कार्टून नेटवर्कवर शाळा सुटायच्या वेळी ते लागायचं आणि घरी केबल असली की पुरे. त्यांच्या मागोमागच्या पिढीतून धावपटू नोआ लाइल्स आला. २०२४ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत शर्यतीआधी त्याने कॅमेऱ्यासमोर यू-गी-ओह या जपानी मालिकेचे पत्ते धरले. वू-टँग या रॅप गटाच्या आरझाने तर अ‍ॅफ्रो सामुराई या अ‍ॅनिमे मालिकेला संगीत दिलं आहे.

चिंचोका

विरोधी सूर लावतो, राग नसावा. मेळावे अमेरिकी आहेत हे पटलं. पण आता हे हौसेचं राहिलं आहे का? २०२१ मध्ये सोनीने क्रंचीरोल ही अ‍ॅनिमे दाखवणारी ऑनलाइन सेवा ११७.५ कोटी डॉलरना घेतली. न्यूयॉर्कचं अ‍ॅनिमे एनवायसी खासगी कंपनी भरवते. तिकीट, हॉटेल, पार्किंग, विग, आणि आत गेल्यावर प्रत्येक टेबलावर काहीतरी विकायला. माझी पुतणी दरवर्षी उन्हाळ्यातल्या कामाचे पैसे तिथे घालून येते. तिला जपानी सणांची नावं पाठ आहेत आणि पोळा कधी असतो ते माहीत नाही. मला याचं वाईट वाटतं, खरंच वाटतं.

ओसरी

चिंचोका, रागाचं काहीच नाही. पैशांचं बोलणं बरोबर आहे. आम्हीही आता वर्षातून एकच कॉन ठरवलं आहे.

पण आर्टिस्ट अ‍ॅली एकदा निवांत फिरून बघा. शेकडो टेबलं, प्रत्येकावर विशीतलं कुणीतरी स्वतः काढलेली चित्रं, कीचेन, स्टिकर घेऊन बसलेलं असतं. यातलं बरंच काम दुसऱ्याच्या पात्रांवर असतं. कंपन्या बहुतेक वेळा डोळेझाक करतात, कारण तेच लोक त्यांचे सगळ्यात पक्के गिऱ्हाईक आणि पुढचे चित्रकारही तेच. माझ्या लेकीने गेल्या खेपेला मैत्रिणीबरोबर अर्धं टेबल घेतलं होतं. विक्रीचा हिशेब, विक्रीकराची नोंदणी, सुट्टे पैसे सगळं दोघींनी केलं. टेबलाचं भाडं निघालं आणि वर जेवणाचे पैसे सुटले. हे तिला शाळेने शिकवलं नव्हतं.

पोळ्याचं मलाही लागतं हो. पण ते तिला कळलं नाही तर दोष माझा आहे. जपानी चित्रांनी तिची जागा अडवली म्हणून ते राहिलं असं मला वाटत नाही.

उत्तरायण

कंपनीचं कॉन आणि हौशींचं कॉन यात फरक मात्र आहे. आमच्याकडे पॅनल कुणीही मांडू शकतं. विषय लिहून पाठवायचा, समिती निवडते. एका वर्षी एका निवृत्त पोस्टमास्तरांनी जपानी आगगाड्यांवर तासभर सांगितलं. खोली भरून बाहेर लोक उभे होते. कंपनीच्या कॉनमध्ये मोठा हॉल नव्या मालिकेच्या जाहिरातीला जातो आणि अशा माणसाला जागा मिळत नाही. मला त्याची काळजी वाटते.

सुईदोरा

माझा मुलगा आता तेवीस वर्षांचा आहे, ओहायोत शिकला. बारावीत असताना मला म्हणाला, आई, चिलखत शिवायचंय. मी आयुष्यभर ब्लाउज शिवले, चिलखत कुठून येणार! दोघांनी मिळून शिकलो. चटईसारखा ईव्हीए फोम कापायचा, हीट गनने गरम करून गुडघ्यावर धरून गोलाई द्यायची, सांधे चिकटवायचे, वर पातळ लेप देऊन रंग. बाहीचा आकार मात्र ब्लाउजच्याच कटिंगने काढला. आणि काय चपखल बसला!

पहिल्या खेपेला एका कॉनमध्ये (नाव लिहीत नाही) दारावर तपासणीला त्याची तलवार ठेवून घेतली आणि परत देताना दुसऱ्याचीच दिली. चार महिन्यांचं काम गेलं. मुलगा रडला नाही, पण जेवलाही नाही. संध्याकाळी एक अनोळखी बाई खोलीत सांगून आली. तिच्याजवळ चिकटपट्टी, फोमचे तुकडे, रंगाच्या बाटल्या असलेला भलामोठा डबा. ती दरवर्षी स्वखर्चाने लॉबीत कॉस्प्लेची, म्हणजे पात्रांच्या वेशांची, दुरुस्ती करत बसते. दोन तासांत तिने आणि मुलाने नवी तलवार उभी केली. तिचं पैसे न घेणं मला आजही आठवतं.

मास्करेडमध्ये परीक्षक शिवण उलटी करून बघतात, हे कुणाला माहीत आहे का? अस्तर, टाके, कडा, सगळं. शिकाऊ, कसलेले असे गट असतात. माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर ते बघत होत्या. म्हणाल्या, आमच्या वेळी शिवणाच्या परीक्षेला असंच बघायचे.

सह्यकडा यांनी विचारलं तेच इथल्या शेजाऱ्यांनाही मी विचारलं होतं. शेजारीण सत्तरीची. ती म्हणाली, तिचा नवरा रेनेसाँ फेअरला सरदार बनून जायचा आणि हॅलोविनला सगळं गावच सोंग घेतं, मग यात नवल ते काय.

चाफा

तोक्योहून लिहिते, नऊ वर्षं इथे आहे. अमेरिकेत काही काळ होते, त्यामुळे दोन्ही पाहिलं आहे. ओसरीताईंचं म्हणणं इथून आणखी ठळक दिसतं.

इथला कोमिके १९७५ पासून चालतो. मुळात तो बाजार आहे. हौशी लेखक-चित्रकारांची मंडळं टेबलामागे बसतात आणि स्वतः छापलेली पुस्तकं विकतात. पॅनल, परिसंवाद, व्यासपीठावरचा मास्करेड हा त्याचा गाभा नाही. आणि कॉस्प्ले करून घरून यायचं नाही, जायचंही नाही. तिथल्या खोलीत कपडे बदलायचे, ठरलेल्या जागेत फोटो, संध्याकाळी परत साध्या कपड्यांत आगगाडीत. वाटेत इतरांना अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. बॉस्टनमध्ये मी सबवेत पंख लावलेल्या मुलीला म्हाताऱ्या माणसाने जागा करून दिलेली पाहिली तेव्हा मला फार वेगळं वाटलं होतं.

'कॉस्प्ले' हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी या जपानी माणसाने १९८० च्या दशकात घडवला. 'ओटाकू'चं (म्हणजे अ‍ॅनिमेसारख्या छंदात बुडालेला माणूस) तर उलटंच झालं. १९८९ मधल्या एका भयानक गुन्ह्याच्या बातम्यांनंतर इथे तो शब्द शिवीसारखा झाला. ऑफिसात कुणी स्वतःला तसं म्हणवून घ्यायचं नाही. पाच वर्षांनी अमेरिकेत तोच शब्द मुलांनी आपल्या संमेलनाच्या, ओटाकॉनच्या, नावात घातला. इथल्या माझ्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, मला तिथे एकदा जायचं आहे.

दर्याकिनारी

लॉस एंजेलिसहून. अ‍ॅनिमे एक्स्पोच्या दिवसांत कन्व्हेन्शन सेंटरमधून बाहेर पडलेली मुलं लिटल टोक्योला जातात. दोनेक मैल. रामेन, मोची, किनोकुनियात पुस्तकं. चार जुलैच्या आसपास तिथल्या फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसते.

तिथेच फर्स्ट स्ट्रीटवर जुन्या निशी होंगवानजी बौद्ध मंदिराची इमारत आहे. १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, इथल्या जपानी कुटुंबांना त्या इमारतीपाशी गोळा करून बसमध्ये बसवलं आणि छावण्यांत नेलं. देशभरातून सुमारे १,२०,००० माणसं, त्यातली बहुतेक अमेरिकेतच जन्मलेली. हातात मावेल तेवढंच सामान. सरकारने माफी मागायला १९८८ उजाडलं. आता तिथे जपानी अमेरिकी राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते लोकांसाठी खुलं झालं १९९२ मध्ये, म्हणजे ओसरी यांच्या गावात पहिला एक्स्पो झाला त्याच वर्षी.

मी दरवर्षी पाहुण्यांना तिथे नेतो. एकदा तिघी मुली कॉस्प्लेमध्येच त्या जागी थांबल्या होत्या. डोक्यावर मांजराचे कान, हातात बोबा चहा. एकीने माहितीचा फलक मोठ्याने वाचला. वाचून झाल्यावर तिने कान काढून हातात घेतले. कुणी काही बोललं नाही. ज्या देशाने या लोकांना घराबाहेर काढलं, त्याच देशातली मुलं आज त्यांच्या आजोळची भाषा शिकायला धडपडतात. मालिका बघून छावण्यांचा इतिहास कळत नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या मुली तिथवर मालिकांमुळेच आल्या होत्या.

चिंचोका

दर्याकिनारी, हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

पुतणी पुढच्या वर्षी कॉनला लॉस एंजेलिसला जाऊ या म्हणते आहे. मी सोबत जाईन म्हणतो. ती सतरा वर्षांची आहे. सुरक्षेचं काय? आणि मी तिथे काय करायचं?

ओसरी

नक्की जा. 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे' अशा पाट्या गेल्या दहाएक वर्षांत बऱ्याच कॉनमध्ये लागल्या आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढायचा नाही, हात लावायचा नाही. तक्रारीचं टेबल कुठे आहे ते आत शिरल्यावर पहिलं बघून ठेवा. कॉनवाल्यांचा जुना नियम आहे, दिवसाला किमान सहा तास झोप, दोन जेवणं, एक आंघोळ. पुतणीकडून तो कबूल करून घ्या. पाण्याच्या बाटल्या बरोबर ठेवा, जुलैत बाहेरची रांग उन्हात असते.

तुम्ही एखाद्या पॅनलला बसा. उत्तरायणकाकांच्या पोस्टमास्तरांसारखं कुणीतरी भेटेल. मधल्या दिवशी दोघं मिळून फर्स्ट स्ट्रीटवर जाऊन या.

चिंचोका

तारखा बघतो. सुईदोराताई, पुतणीला झग्याची बाही जमत नाहीये. ब्लाउजच्या कटिंगचं तुम्ही म्हणालात ते जरा सविस्तर लिहाल का?

सुईदोरा

लिहिते की. आधी दंडाचं, कोपराचं आणि मनगटाचं माप इंचात कळवा, आणि कापड कुठलं घेतलंय तेही. कागदी कटिंग काढून फोटो इथेच टाकते.